लोहगाव ते सोनेगाव

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, भीमा नदीचा पूल ओलांडून कोरेगाव मागे टाकले की थोड्याच वेळात सणसवाडी लागते. शिरूर तालुक्यातील हे गाव पूर्वी शेतीवर जगणारे होते. आज गावाच्या दोन्ही अंगांना कारखान्यांच्या लांबच लांब इमारती उभ्या आहेत आणि मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून पोटापाण्यासाठी आलेली कितीतरी कुटुंबे येथे भाड्याच्या खोल्यांतून राहतात. लोहगावचा विमानतळ येथून सरळ रेषेत वीसेक किलोमीटरांवर असल्याने सायंकाळी दक्षिणेकडच्या आकाशात विमानांचे दिवे एकामागून एक सरकताना दिसतात.

अशाच एका कुटुंबातील ही गोष्ट आहे. वडील कारखान्यात कामाला. मूळ गाव वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटच्या बाजूचे. एके दिवशी निरोप आला, की आजीची प्रकृती अकस्मात बिघडली असून तिला नागपूरच्या रुग्णालयात हलविले आहे. घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. सातवीत शिकणाऱ्या मुलीने विचारले, "बाबा, नागपूर येथून किती लांब आहे?"

"एका रात्रीचा रस्ता आहे, बेटा," वडील म्हणाले.

मुलीला या उत्तराने समाधान झाले नाही. तिने विचारपूस केली, तेव्हा प्रत्येकाने निराळेच उत्तर दिले. नागपूरला जाणाऱ्या बसचा चालक म्हणाला, सातशे किलोमीटरांच्या वर. पुणे आणि नागपूरचे अजनी स्थानक यांच्यामध्ये १० ऑगस्ट २०२५ रोजी वंदे भारत गाडी सुरू झाली, तेव्हा तिच्या मार्गाची लांबी ८८१ किलोमीटर असल्याचे प्रसिद्ध झाले होते. आणि विमानाचे अंतर पाहावे, तर ते अवघे ६०५ किलोमीटर! नागपूर काही जागचे हलत नाही आणि पुणेही हलत नाही. मग एकाच प्रश्नाची तीन उत्तरे कशी?

उत्तर नकाशात आहे. पुण्याहून निघालेली आगगाडी प्रथम पूर्वेस दौंडपर्यंत जाते. तेथे ती उत्तरेकडे वळते, अहिल्यानगरवरून मनमाड गाठते आणि मग पुन्हा पूर्वेस वळून जळगाव, भुसावळ, अकोला, वर्धा अशी नागपुरास पोहोचते. मुंबईहून भुसावळमार्गे नागपूरला जाणारा लोहमार्ग १८६७ साली पुरा झाला, तो वऱ्हाड-नागपूरचा कापूस मुंबई बंदरात आणण्याच्या उद्देशाने. पुण्याच्या माणसाला नागपुरास जाणे सोपे व्हावे, हा विचार तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हता. म्हणून पुणेकराला आधी मनमाडला जाऊन तो मार्ग धरावा लागतो. त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसऱ्या बाजूपेक्षा मोठी असते, हे भूमितीत शिकलेले प्रमेय येथे रुळांवर धावताना दिसते. मोटाररस्ता त्या मानाने सरळ. तरी त्यालाही घाट टाळावे लागतात, गावे जोडावी लागतात, नदीवर पूल जेथे बांधता येईल तेथेच ती ओलांडावी लागते. आकाशात मात्र घाटही नाही आणि नदीही नाही.

मुलीच्या मनात पुढचा प्रश्न उभा राहिला. रस्त्यावर मैलाचे दगड असतात. आकाशात दगड कोणी रोवले? ते अंतर मोजले कोणी?

ते कोणी मोजलेले नाही, ते काढलेले आहे, आणि सातवी-आठवीच्या विद्यार्थ्याला ते स्वतः काढता येते. पृथ्वीचा घेर सुमारे चाळीस हजार किलोमीटर आहे. त्याचे ३६० अंशांत भाग केले, तर एका अंशास सुमारे १११ किलोमीटर येतात. लोहगावचा विमानतळ १८.६ अंश उत्तर अक्षांश आणि ७३.९ अंश पूर्व रेखांशावर आहे. नागपूरचा विमानतळ शहराच्या नैर्ऋत्येस सोनेगाव येथे आहे, तो २१.१ अंश उत्तर अक्षांश आणि ७९.० अंश पूर्व रेखांशावर येतो. अक्षांशांतील फरक अडीच अंश. म्हणजे सोनेगाव लोहगावच्या उत्तरेस सुमारे २७८ किलोमीटर आहे. रेखांशांतील फरक ५.१ अंश. येथे थोडी सावधगिरी हवी. रेखावृत्ते विषुववृत्तावर एकमेकांपासून सर्वांत दूर असतात आणि ध्रुवांकडे जाताना जवळ येत येत शेवटी एका बिंदूत मिळतात. सोललेल्या संत्र्याच्या फोडी पाहिल्या, की हे चटकन समजते. महाराष्ट्राच्या या भागात रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटरांचा भरतो. तेव्हा सोनेगाव लोहगावच्या पूर्वेस सुमारे ५३५ किलोमीटर झाले.

आता काटकोन त्रिकोण तयार झाला. एक बाजू २७८, दुसरी ५३५. दोहोंच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले, की कर्ण येतो ६०३. अधिक काटेकोर अंक घेतले तर उत्तर ६०५ च्या जवळ जाते. एक वही, एक नकाशासंग्रह आणि पायथागोरसचे प्रमेय एवढ्या सामग्रीवर, सणसवाडीच्या एका खोलीत बसून, दोन विमानतळांमधले अंतर दोन-तीन किलोमीटरांच्या फरकाने हाती आले. याचे नवल वाटले पाहिजे.

ही युक्ती जवळच्या ठिकाणांपुरतीच चालते, हेही सांगितले पाहिजे. पृथ्वी गोल आहे. कागद सपाट आहे. लांबच्या प्रवासात हा भेद फार मोठा होतो. शाळेतील पृथ्वीचा गोल घेऊन त्यावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये एक दोरा ताणून धरावा. भिंतीवरचा नकाशा पाहून आपल्याला वाटते, की दोरा अरबस्तान, भूमध्य समुद्र असा पश्चिमेकडे सरळ जाईल. प्रत्यक्षात तो उत्तरेकडे चढतो, नॉर्वे ओलांडतो, आइसलँडच्या आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाच्या जवळून उतरतो. हाच सर्वांत जवळचा मार्ग, सुमारे साडेबारा हजार किलोमीटरांचा. नकाशावर जो वाकडा दिसतो तो गोलावर सरळ असतो.

असो. मुलीने पुढचा हिशेब केला. आजची जेट विमाने उंचावर ताशी आठशे किलोमीटरांहून अधिक वेगाने जातात. ८२० चा वेग धरला, तर ६०५ किलोमीटरांस ४४ मिनिटे लागतील. ती धावत वडिलांकडे गेली. "बाबा, पाऊण तासात तुम्ही आजीजवळ!" वडिलांनी भ्रमणध्वनीवर विमानांचे वेळापत्रक उघडून तिच्यापुढे धरले. त्यात लोहगावहून सुटण्याची आणि नागपुरास पोहोचण्याची वेळ यांत जवळजवळ दीड तासाचे अंतर होते.

भागाकार चुकला नव्हता. चूक एवढीच होती, की विमान जमिनीवरून निघाल्याबरोबर ताशी ८२० किलोमीटरांनी धावू लागते, असे तिने धरले होते. उतारावर उभ्या केलेल्या बैलगाडीच्या चाकाखाली गाडीवान दगडाची उटी लावतो, तशी उभ्या विमानाच्या चाकांनाही लावलेली असते. ती काढून विमान जागचे हलले, की वेळापत्रकातील घड्याळ सुरू होते. आणि दुसऱ्या विमानतळावर विमान पुरते उभे राहिले, की ते थांबते. या दोन क्षणांच्या मध्ये पुष्कळ काही घडते. विमान सावकाश सरकत धावपट्टीच्या टोकाशी जाते. पुढे दुसरी विमाने असतील तर रांगेत थांबते. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ असल्यामुळे लढाऊ विमानांच्या उड्डाणांचाही मान येथे राखावा लागतो. मग उड्डाण, मग चढण. साधारणतः दहा हजार फूट, म्हणजे सुमारे तीन किलोमीटर उंची गाठेपर्यंत ताशी ४६० किलोमीटरांच्या आसपासची वेगमर्यादा विमानाला पाळावी लागते. उतरतानाही तेच. पाऊण तासाच्या अंतरात पूर्ण वेगाने जाण्याचा काळ फार थोडा उरतो. जवळच्या प्रवासात म्हणूनच विमान आपला वेग दाखवू शकत नाही. मुंबई-दिल्लीसारख्या लांब पल्ल्यात तो अधिक दिसून येतो.

शिवाय दिशेचाही प्रश्न असतो. लोहगावची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि विमाने वाऱ्याला सामोरी होऊन उडतात. समोरून वारा असेल तर पंखांना आधार लवकर मिळतो. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून वाहू लागला, की पूर्वेकडच्या नागपूरला निघालेले विमानही आधी पश्चिमेस तोंड करून उडते आणि मग आकाशात वळसा घेऊन मागे येते. सोनेगावला उतरतानाही नियंत्रक सांगतील तसे वळून, ठरलेल्या वाटेने धावपट्टीच्या रेषेत यावे लागते. त्यामुळे ६०५ किलोमीटर हे नकाशाचे अंतर झाले. प्रत्यक्ष कापलेले अंतर थोडे अधिकच भरते. वैमानिक ते किलोमीटरांत मोजीत नाहीत, सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. हे माप विचित्र वाटते. पण अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले, तर एक भाग जवळजवळ एवढाच भरतो. नकाशा वाचणाऱ्याला याहून सोयीचे माप नाही. त्या मापाने सोनेगाव ३२७ मैलांवर आहे.

आणि वारा? तो उंचावरही आपले काम करीतच असतो. हिवाळ्यात दहा-अकरा किलोमीटर उंचीवर आपल्याकडे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. पावसाळ्यात खाली ढग पश्चिमेकडून येत असतात, पण त्यांच्याही खूप वर वारा उलट, पूर्वेकडून वाहतो. भीमेच्या प्रवाहाबरोबर पोहणारा आणि प्रवाहाविरुद्ध पोहणारा यांच्यात जो फरक पडतो, तोच विमानांत पडतो. विमानाचा वेग ताशी ८००, वाऱ्याचा ८० आणि अंतर सोयीसाठी ६०० किलोमीटर धरू. जाताना वारा पाठीशी असेल, तर वेग ८८० होऊन सुमारे ४१ मिनिटे लागतील. परतताना वारा समोरून येईल, वेग ७२० होईल आणि ५० मिनिटे लागतील. वारा मुळीच नसता तर जाण्यास ४५ आणि येण्यास ४५, असे एकूण ९० मिनिटांत काम झाले असते. वाऱ्यामुळे ती ९१ झाली. जाताना वाऱ्याने जे दिले, त्याहून अधिक येताना काढून घेतले! कारण असे, की तो मदत करतो ४१ मिनिटे आणि अडवतो मात्र ५० मिनिटे.

अंतर आणि वेळ यांचा हा मेळ घालण्याची एक फार सुंदर योजना याच नागपुरात एकेकाळी रोज रात्री घडत असे. भारताच्या नकाशावर मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास ही चार शहरे चार दिशांना आहेत. नागपूर जवळजवळ त्यांच्या मधोमध आहे. सोनेगावापासून मुंबईचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे ६८० किलोमीटर, दिल्लीचा ८५०, मद्रासचा, म्हणजे आजच्या चेन्नईचा, ९०५ आणि कलकत्त्याचा, म्हणजे आजच्या कोलकात्याचा, ९८५ किलोमीटरांवर आहे. १९४९ साली रफी अहमद किदवाई हे दळणवळण मंत्री असताना रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. रोज रात्री या चारही शहरांतून एकेक विमान टपालाच्या थैल्या घेऊन निघे. मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमाने सोनेगावला येऊन उतरत. तेथे थैल्यांची अदलाबदल होई आणि प्रत्येक विमान आपापल्या शहरी परत जाई.

यातील चातुर्य पाहावे. चार शहरांना एकमेकांशी थेट जोडायचे, तर सहा मार्ग लागतात. कागदावर चार बिंदू काढून रेषा ओढल्यास हे पटेल. मध्ये नागपूर धरले, की चारच मार्ग पुरतात. प्रत्येक विमान तीन शहरांच्या तीन थैल्या घेऊन येते आणि तीन शहरांकडून आलेल्या तीन थैल्या घेऊन जाते. मुंबईत सायंकाळी टाकलेले पत्र पहाटे कलकत्त्यास उतरे. आगगाडीने त्याच पत्रास दीड-दोन दिवस लागत.

पण चारही विमानांनी एकाच सुमारास पोहोचायचे, तर ती एकाच वेळी निघून चालणार नाही. त्या काळची डाकोटा विमाने आजच्या जेटच्या मानाने फारच सावकाश जात. ताशी २७० किलोमीटरांचा वेग धरून, सर्वांनी रात्री एक वाजता नागपुरात असावे, असे समजू. मग कलकत्त्याच्या विमानाला रात्री ९ वाजून २० मिनिटांनी निघावे लागेल, मद्रासच्या विमानाला ९ वाजून ४० मिनिटांनी आणि दिल्लीच्या विमानाला दहाला दहा मिनिटे कमी असताना. मुंबईकरांना मात्र साडेदहापर्यंत सवड मिळते. एका विमानास वाऱ्याने वा धुक्याने उशीर झाला, तर इतर तिघांपुढे पेच पडणारच: थांबावे, की त्याच्या थैल्या सोडून जावे? रात्रीच्या अंधारात, दोन पंख्यांच्या विमानांतून हे काम करणाऱ्या वैमानिकांची नावे आज फारशी कोणास ठाऊक नाहीत. ती ठाऊक असायला हवी होती. पुढे वेगवान विमाने आली, शहरे एकमेकांशी थेट जोडली गेली आणि मध्यरात्रीचा हा मेळावा बंद झाला.

सणसवाडीच्या त्या घरात अखेर वडिलांनी सकाळी साडेआठच्या विमानाचे तिकीट काढले. पैसे जास्त लागले. पण आजीची अवस्था पाहता रात्रभर बसमध्ये बसून राहणे त्यांच्याने झाले नसते. ते पहाटे साडेपाचला घरातून निघाले. वाघोलीच्या चौकात त्या वेळीही वाहनांची दाटी होतीच. पावणेसातला ते विमानतळावर पोहोचले. सामान देणे, तपासणी, प्रतीक्षा यांत पावणेदोन तास गेले. साडेआठला विमान हलले. दहाला पाच मिनिटे कमी असताना सोनेगावला थांबले. बाहेर पडून रिक्षाने रुग्णालयात पोहोचेपर्यंत पावणेअकरा वाजले. आजीने डोळे उघडून लेकाला ओळखले, असा फोन घरी आला, तेव्हा मुलीने आनंदाच्या भरातही वहीत शेवटची नोंद केली: एकूण सव्वापाच तास, त्यांतील विमानाचा वेळ एक तास पंचवीस मिनिटे, उरलेले तीन तास पन्नास मिनिटे जमिनीवर.

जमिनीवरचा हा वेळ किती मोलाचा असतो, हे रुग्णालयांना चांगले माहीत आहे. मेंदू मृत झालेल्या व्यक्तीचे नातेवाईक कधी कधी मोठ्या मनाने तिचे अवयव दान करतात. हृदय शरीरातून काढल्यावर ते सुमारे चार तासांच्या आत दुसऱ्याच्या शरीरात बसवावे लागते. नागपुरात दान झालेले अवयव विमानाने मुंबई-पुण्याकडे नेल्याचे प्रसंग गेल्या काही वर्षांत घडले आहेत. अशा वेळी चार तासांचा हिशेब मिनिटामिनिटाने मांडला जातो. दोन विमानतळांमधले अंतर कमी करता येत नाही. विमानाचा वेगही एका मर्यादेपलीकडे वाढविता येत नाही. शस्त्रक्रियेत घाई करून चालत नाही. वाचविता येतात ती केवळ रुग्णालय आणि विमानतळ यांच्यामधल्या रस्त्यावरची मिनिटे. म्हणून पोलीस आधीपासून चौकाचौकांत उभे राहतात, दोन्ही बाजूंची वाहने थोपवून धरतात आणि मधला रस्ता मोकळा ठेवतात. याला हरित मार्ग म्हणतात. एरवी जेथे अर्धा-पाऊण तास मोडतो, तेथून रुग्णवाहिका काही मिनिटांत निघून जाते. आणि ती वळणाआड दिसेनाशी झाली, की थांबलेल्या बस, मोटारी आणि दुचाक्या पुन्हा आपापल्या वाटेला लागतात.